पंचवीस पावलं

ज्या झाडाच्या सावलीत मी डबा उघडून बसले होते, ते झाड कागदावर दोन वर्षांपूर्वीच तोडलेलं होतं.

हे मला पहिला घास तोंडात असताना कळलं. मांडीवर फाईल उघडी होती. चौकोन क्रमांक एकोणीस, पहिलं वर्ष: झाडं एक्केचाळीस, पैकी एक दुबेळक्याचं (दोन खोडांचं), डाव्या खोडाला ढोली, घेर दोनशे दहा सेंटिमीटर. चौथं वर्ष: सदर झाड आढळले नाही. त्यापुढे विद्यापीठानं लाल अक्षरांत एकच शब्द छापला होता, ‘तोड’. मी मान वर केली. डोक्यावर दुबेळकं होतं, डाव्या खोडाला ढोलीही होती. उठून घेराची फीत गुंडाळली. दोनशे चौदा. तोडलेलं झाड चार सेंटिमीटरनं जाड झालं होतं.

घास तसाच गिळला. पाणी संपत आलं होतं म्हणून नुसताच गिळला.

मी जंगल-राखण प्रकल्पाची समन्वयक आहे. म्हणजे वनखातं आणि विद्यापीठ यांच्यामधली पायपुसणी. वाटा साफ ठेवायच्या, सुट्टीला येणाऱ्या स्वयंसेवकांना कुदळ कशी धरायची ते शिकवायचं, त्यांनी धरली नाही की आपण खणायचं, आणि प्रत्येक कागदाच्या तीन प्रती करायच्या. खात्याला विचारलं की ते म्हणतं विद्यापीठाला विचारा, विद्यापीठ म्हणतं खात्याला विचारा. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं माझं सहा वर्षं चाललं होतं. तरी या वस्तीच्या अकरा घरांत महिन्याच्या महिन्याला पगार येणारं घर आमचंच, म्हणून लोक मला मान द्यायचे आणि मागून हसायचे.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे झाडमोजणी. पूर्वेच्या उतारावर चाळीस चौकोन. दर वर्षी त्याच चौकोनांतली तीच झाडं मोजायची, म्हणजे जंगल वाढतंय का घटतंय ते कळतं. पण आतल्या जंगलाचा नियम कडक. तिथं खिळा मारायचा नाही, रंग फासायचा नाही, खुंटी ठोकायची नाही. माणूस येऊन गेला असं जंगलाला कळताच कामा नये. मग चौकोन ओळखायचा कसा? एक ओळखीचा खडक धरायचा आणि तिथून वीस मीटर सरळ, वीस मीटर आडवं मोजायचं. पहिल्या वर्षी विद्यापीठानं लांब टेप दिला होता. तो काट्यांत असा गुंतायचा की एका चौकोनाला अख्खा दिवस गेला. तेव्हा आमचे आबा पुढे झाले.

आबा म्हणजे माझे सासरे. बत्तीस वर्षं खात्यात वनमजूर. जुन्या काळी हद्द मोजायला साखळी लागायची, ती हरवली की साहेब आबांना चालायला लावायचे. म्हणून सगळे त्यांना साखळीआबाच म्हणत. त्यांनी पंचवीस पावलं टाकली की वीस मीटर भरायचे, फरक फार तर चार बोटांचा. आमच्या दारात टेप अंथरून तेव्हाच्या रेंजरनं खात्री करून घेतली आणि हसून म्हणाला, "टेप ठेवा घरी." तो रेंजर पुढे बदलून गेला. टेप फळीवर गेला. अर्जात ‘मापनाचे साधन’ असा एक रकाना होता. तिथं ‘सासरे’ लिहायची सोय नव्हती, म्हणून मी दर वर्षी ‘टेप’ लिहिलं.

मी डब्याला झाकण लावलं आणि पुढच्या चौकोनाकडे बघितलं. आबा खडकाला टाच लावून उभे होते. शेवटचे दोनच चौकोन राहिले होते. पाऊस दोन वर्षं पळाला होता, जमीन तव्यासारखी, गवत वाळून पायाखाली मोडत होतं. आबा निघाले. डावा पाय नीट पडत होता. उजवा मात्र डाव्याच्या पुढे पुरता जात नव्हता, बराच अलीकडे येऊन टेकत होता. हात मात्र जुन्याच तोऱ्यात हलत होते. मी सहा वर्षं त्यांच्या मागून चालले, पण नजर कायम कागदावर. पायाकडे मी आज पहिल्यांदा पाहत होते.

"पंचवीस!" आबा ओरडले. आवाज अजून तसाच खणखणीत.

मी तिथंच फाईलीच्या पाठीवर हिशोब मांडला. पाऊल आखडलं की चौकोन आखडतो. चौकोन आखडला की कडेची झाडं बाहेर राहतात. बाहेर राहिलं ते आढळलं नाही, आणि आढळलं नाही ते तोडलं.  आठ दिवसांपूर्वी आलेला अहवालाचा मसुदा माझ्याच पिशवीत होता. मोजणी संपायच्या आधीच अहवाल तयार, तो भाग वेगळा. त्यात लिहिलं होतं: सहा वर्षांत सुमारे एक तृतीयांश झाडे नष्ट; कारण स्थानिकांची तोड व चराई; पूर्वेचा उतार दहा वर्षे बंद करून भोवती चर खणावा. सोमवारी त्यावर तीन सह्या व्हायच्या होत्या. रेंजरची, प्राध्यापक बाईंची आणि माझी.

यंदा दुष्काळात गवत उरलं होतं ते त्याच उतारावर, आणि पाण्याचा डोहही तिथलाच. माझा नवरा तिथं बकऱ्या चारतो. आमच्या अठरा आणि वस्तीच्या पन्नासेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर दात घासत बसले आणि आबांची वाट बघत राहिले. दाराच्या खांबापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत वीस मीटर; रेंजरनं टेप अंथरला होता तो इथंच. आबा बादली घेऊन बाहेर आले. मी मनात मोजायला लागले. वीस झाली तरी विहीर लांबच. पंचवीसला ते कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी होते. तिसाव्या पावलाला हात कठड्यावर टेकला आणि तिथं ते थोडा वेळ नुसते उभे राहिले, विहिरीत बघितल्यासारखं करून. पाणी तळाला गेलेलं, बघायचं होतं काय त्यात?

"मोजलीस?" मागून सासूबाई म्हणाल्या. सूप मांडीवर घेऊन धान्य निवडत होत्या, मान खालीच.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"रोज पहाटे तेल मी लावते. गुडघा टोमॅटोसारखा सुजतो, मला नाही माहीत होणार तर कोणाला?" त्यांनी एक खडा टिपून अंगणात फेकला. "चार वर्षं झाली. खाली ओढ्यात पाय घसरला होता ना, तेव्हापासून."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगून काय करणार होतीस? पाय बदलून आणणार होतीस?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघ, त्यांना काही विचारू नकोस. त्या माणसाकडं शेत नाही, शिक्षण नाही. पाऊल आहे एक. तेही खोटं निघालं असं सुनेनं तोंडावर सांगितलं, तर जेवायचे नाहीत ते."

मी चूळ भरली. आबा बादली घेऊन परत येत होते, पाणी डुचमळून पायावर सांडत होतं. मला बघून म्हणाले, "सूनबाई, यंदाची मोजणी झकास झाली बघ. एक दिवस आधीच उरकली."

"हो आबा," मी म्हटलं.

शनिवारी मी कोणाला न सांगता फळीवरचा टेप काढला आणि एकटीच चार तास चढून एकोणीसला गेले. काट्यांनी हात सोलून निघाले, बाही फाटली. वीस मीटर बाय वीस मीटर भरल्यावर झाडं मोजली. एक्केचाळीस. परत मोजली. एक्केचाळीसच. एकही झाड कोणी तोडलं नव्हतं. मला वाटलं होतं की आनंद होईल. मी खडकावर बसून रडले, कारण आता मला सगळं नक्की माहीत होतं आणि माहीत असून सुटका नव्हती.

उतरताना डोहापाशी नवरा भेटला. बकऱ्या चिखलात गुडघे टेकून पाणी पीत होत्या. मी त्याला सगळं सांगितलं. तो काठीनं जमीन उकरत ऐकत राहिला.

"मग सोमवारी सांगून टाक," तो म्हणाला.

"काय सांगू? तुमचे आबा लंगडतात म्हणून?"

"अगं, पण खरं आहे ना ते?"

"खरं आहे. आणि सहा वर्षं मी टेप, टेप म्हणून सही केली, तेही खरं आहे. खोटी नोंद म्हणून प्रकल्प बंद करतील. सगळ्यात आधी माझी नोकरी जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर बकऱ्या जातील. आपल्याच नाहीत, सगळ्यांच्या. वस्ती आपल्याला दारात उभं करेल? म्हणतील, हिच्याच सहीनं चर खणला." तो उठला, काठी आपटली. "आणि आपण चोर ठरतो ते वेगळंच. एका फांदीला हात लावला नाही मी आजवर. रेंजर परवा माझी कुऱ्हाड हुंगत होता, कुत्र्यासारखा."

"आबांशी तुम्ही बोला ना."

"मी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "बापाला मी सांगू, की तुमचं पाऊल गेलं? तू सांग. तुझं कामच आहे ते."

"आई नको म्हणाल्या."

"मग झालं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आम्ही दोघं बकऱ्या हाकत खाली आलो.

सोमवारी खात्याच्या कचेरीत प्राध्यापक बाई माझ्या आधी पोचल्या होत्या. बाई मनानं चांगल्या. दर वेळी माझ्या लेखी कामाचं कौतुक करतात, निघताना न चुकता खांद्यावर हात ठेवतात. रेंजरनं त्यांना गादीची खुर्ची दिली, मला प्लास्टिकची, एक पाय तुटून दोरीनं बांधलेली. आबांनाही बोलावलं होतं, विद्यापीठाकडून त्यांना प्रशस्तिपत्र द्यायचं होतं. शिपायानं त्यांना बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. धुतलेला सदरा घालून ते ताठ बसले होते, उजवा पाय पुढे लांब करून.

"उद्या सकाळी मला हा अहवाल समितीपुढे ठेवायचाय," बाई म्हणाल्या. "दुपारची गाडी आहे. सह्या करून टाकू या?"

रेंजरनं केली. बाईंनी केली. कागद माझ्याकडे सरकला. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"मॅडम, परत मोजू या का? एकदा फक्त. टेपनं."

"टेपनंच मोजलंय ना?" त्यांनी फाईल उलटली. "हे बघा, प्रत्येक अर्जावर तुम्हीच लिहिलंय."

 आता थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. मी सांगितलं. टेप वापरला नाही, पावलांनी मोजलं, पावलं आखडली, चौकोन साडेसोळा मीटरचा झाला, म्हणून झाडं कमी दिसली. एकोणिसातलं दुबेळकं उभं आहे, मी त्याच्या सावलीत जेवले. आत टेपनं मोजून आले, एक्केचाळीस झाडं आहेत. मी बोलत होते आणि बाईंचा चेहरा हळूहळू पांढरा पडत होता. त्यांची सहा वर्षं त्या कागदात होती, हे मला तेव्हा दिसलं.

रेंजर मात्र खुर्चीत मागे रेलला. "ताई, तुमचे मिस्टर उतारावर बकऱ्या चारतात ना?"

"हो, पण..."

"मसुदा येऊन दहा-बारा दिवस झाले. इतके दिवस पावलं बरोबर होती. सहीच्या दिवशी आखडली?" तो बाईंकडे वळला. "दुबेळकी झाडं जंगलात ढिगानं आहेत, मॅडम. कुठल्याही झाडाखाली बसून माणूस जेवू शकतो. बकऱ्या वाचवायला बिचाऱ्या म्हाताऱ्याला पंगू ठरवताहेत, दुसरं काही नाही."

"तसं नाही हो!" माझा आवाज चढला. "वाटलं तर चला आत्ता वर, दाखवते."

"चार तास वर, तीन तास खाली," बाई घड्याळ बघत पुटपुटल्या. "माझी गाडी..." मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही असं का केलंत? मी तुमच्यावर पूर्ण विश्वास ठेवला होता." आणि त्यांनी कोणत्या गोष्टीबद्दल विचारलं, तेच मला कळेना.

व्हरांड्यात बाक करकरलं. दार उघडंच होतं, हे मी विसरले होते. आबा चौकटीत उभे होते.

"साहेब," ते म्हणाले, "टेप ताणा."

"आबा, नको," मी उठले. खुर्ची मागे कलंडली.

"तू बस, सूनबाई. टेप ताणा साहेब, माणसाचं पाऊल आहे का नाही ते बघून घ्या."

रेंजरला गंमत वाटली. शिपायानं आवारात व्हरांड्याच्या खांबापासून टेप अंथरला, वीस मीटरवर वीट ठेवली. कारकून, चौकीदार, टपाल द्यायला आलेला माणूस, सगळे उन्हात येऊन उभे राहिले. आबांनी चपला काढल्या. खांबाला टाच लावली. एकदा आभाळाकडे बघितलं आणि निघाले.

पहिल्याच पावलाला उजवा पाय पुढे गेला. पूर्ण गेला, सहा वर्षांपूर्वी जायचा तितका. टेकताना मांडीपासून सगळा देह थरथरला, पण पाय टेकला तो बरोबर. दुसरं, तिसरं, चौथं. ओठ दातांखाली धरले होते, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. दहाव्याला सदरा पाठीला चिकटला. गुडघ्यातून कट् असा आवाज आला तो मला इथपर्यंत ऐकू आला, बाकी कोणाला आला की नाही माहीत नाही. पंधराव्याला ते क्षणभर झुकले, शिपाई धरायला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानं मागे सारलं. मी मनात म्हणत होते, पडा. आबा, पडा. सासऱ्यानं चारचौघांत पडावं असं चिंतणारी सून मी. त्याची लाज आजही जात नाही.

"पंचवीस!"

टाच विटेच्या पुढे होती. चार बोटं.

टाळ्या पडल्या. टपालवाल्यानं शिट्टी मारली. बाईंनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला, जणू पाण्यातून वर आल्या, आणि आबांच्या हातात प्रशस्तिपत्र दिलं. आबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. जागचे मात्र हलले नाहीत. रेंजर खुशीत होता. म्हणाला, "टेप आणि आबा एकच, म्हणजे अर्जातली नोंदही खोटी नाही. ताईंचा आजचा विषय आपण इथंच विसरू. आणि चराची आखणी यांच्याच पावलांनी करून घेऊ, काय आबा?"

मी आत गेले आणि सही केली. दुसरं काय करणार होते? सही नेहमीसारखीच सुबक आली, आणि त्याचाच मला राग आला. निघताना बाईंनी या वेळी खांद्यावर हात ठेवला नाही.

सगळे पांगल्यावर मी आबांपाशी गेले. ते अजून विटेजवळच उभे होते. फाटकापर्यंत उताराला तीन पायऱ्या आहेत, त्यांना एकही उतरता येईना. मी खांदा दिला. आजवर त्यांनी माझा हातसुद्धा धरला नव्हता. आता सगळा भार माझ्यावर आला. अंगाला घामाचा आणि तेलाचा वास येत होता. पहिल्या पायरीवर ते कण्हले.

"तू म्हणालीस ते खरं होतं," ते म्हणाले. "मला कळतं गं. माझाच पाय आहे."

मी थांबले. "मग का चाललात, आबा?"

"चारचौघांत विचारलं." त्यांनी कपाळावरचा घाम सदऱ्याला पुसला. "चारचौघांत विचारल्यावर माणूस काय करणार? घरात विचारलं असतंस तर सांगितलं असतं. रोज वाट बघत होतो, कोणीतरी विचारील म्हणून."

 दुसरी पायरी उतरलो, तिसरी उतरलो.

फाटकाबाहेर नवरा बकऱ्या एका भिंतीच्या सावलीत दाबून उभा होता. बापाला माझ्या खांद्यावर बघून तो धावत आला. "काय झालं? काय ठरलं?"

मी मान फिरवली. आबांनी प्रशस्तिपत्राची गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "बकऱ्यांना गिऱ्हाईक बघ."